गीरचे सिंह : वाचले कसे आणि वाचवले कोणी?

भगवान महावीर स्वामींच्या प्रतिमेपुढे आपण रोज नतमस्तक होतो. प्रतिमेच्या आसनावर मध्यभागी कोरलेले सिंहाचे लांछन आपल्या नित्य परिचयाचे आहे. लहान मूलही ते लांछन पाहून ही प्रतिमा चोविसाव्या तीर्थंकरांची आहे, हे ओळखते. परंतु ज्या जिवंत प्राण्याचे ते चिन्ह आहे, तो आपल्या देशात आज कोठे आहे, किती आहे आणि कोणाच्या आधाराने टिकून आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मीही अनेक वर्षे केला नव्हता.

आपल्या ट्रस्टची स्थापना भगवंतांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या मंगल काळात झाली आणि यंदा तिला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. योगायोग असा की, सौराष्ट्रातील गीर राष्ट्रीय उद्यानाची घोषणाही १९७५ सालीच झाली. म्हणजे आपला ट्रस्ट आणि ते उद्यान ही दोन्ही समवयस्क होत. स्मरणिकेसाठी लेख देण्याविषयी विश्वस्तांनी सुचविले, तेव्हा हा विषय प्रथम मनात आला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड दुकानदार आहे. मात्र खरेदीच्या निमित्ताने जेतपूरला आणि यात्रेच्या निमित्ताने गिरनारला वारंवार जाणे झाले. जे वाचले, पाहिले आणि ऐकले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्राचीन वैभव

आज आशियाई सिंह जगात केवळ गुजरात राज्यात मुक्तपणे वावरतो. एके काळी मात्र तुर्कस्तान, इराक, इराणपासून सिंध, पंजाब, राजपुताना, दिल्ली, मध्य भारत ते थेट बिहारपर्यंत त्याचा संचार होता. नर्मदा ही त्याच्या राज्याची दक्षिण सीमा मानली जाते. त्यामुळे आपल्या महाराष्ट्रात वाघाच्या आठवणी गावोगाव आहेत, सिंह मात्र आपल्याला शिल्पात, नावात आणि म्हणीतच भेटतो.

भगवंतांचा जन्म आणि विहार ज्या मगध-विदेह परिसरात झाला, त्या भागाला सिंह परका नव्हता. आपल्या पुराणकथांत भगवंतांच्या पूर्वभवांपैकी एक भव सिंहाचा सांगितला आहे. हरणाची शिकार करणाऱ्या त्या सिंहाला आकाशमार्गे आलेल्या मुनींनी उपदेश केला आणि तो क्रूर जीव शांत झाला, असा तो प्रसंग आहे. सम्राट अशोकाने सारनाथच्या स्तंभावर चार सिंह बसविले आणि तेच पुढे स्वतंत्र भारताची राजमुद्रा झाले. याच अशोकाचे शिलालेख गिरनारच्या पायथ्याशी आहेत. राजाच्या पाकशाळेतील प्राणिहत्या कमी केल्याची नोंद आणि माणसांप्रमाणेच जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था केल्याची नोंद त्या शिळेवर आहे. ज्या गिरनारवर पशूंचा आक्रोश ऐकून विवाहमंडपाकडे जाणारा रथ परत फिरविणारे भगवान नेमिनाथ तपाला बसले, त्याच गिरनारच्या जंगलात आज सिंह राहतात. करुणेची शिळा, करुणेचे तीर्थ आणि सिंहाचे अखेरचे घर, ही तिन्ही इतक्या जवळ असावीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

ऱ्हासाची शंभर वर्षे

मोगल बादशहांच्या काळात सिंहाची शिकार हा राजाचा विशेष अधिकार होता. त्यामुळे शिकार होत असे, परंतु ती मर्यादित होती. बंदुका सुधारल्या, इंग्रज अधिकाऱ्यांची संख्या वाढली आणि हे बंधन सुटले. सिंह हा उघड्या माळावर आणि विरळ झुडपांत राहणारा, कळपाने फिरणारा प्राणी आहे. वाघासारखा तो दाट रानात लपत नाही. घोड्यावरून त्याचा पाठलाग करणे सोपे होते. एकट्या कर्नल जॉर्ज अ‍ॅकलँड स्मिथ यांच्या नावावर तीनशेच्या वर सिंह नोंदले गेले आहेत आणि त्यांपैकी पन्नास केवळ दिल्ली परिसरातील होते. शिकारीबरोबरच माळराने नांगराखाली गेली आणि सिंहाचे भक्ष्य नाहीसे झाले.

१८४० च्या दशकानंतर सिंध-पंजाबाच्या बाजूचे सिंह संपले. १८७० च्या दशकात अबू पहाड आणि मध्य भारतातील गुणा परिसरातून अखेरच्या सिंहांच्या वार्ता आल्या. सौराष्ट्रातही बरडा डोंगरातून १८७९ च्या सुमारास सिंह नाहीसा झाला. एकोणिसावे शतक संपताना भारतातील सिंहाची सारी शिल्लक जुनागढ संस्थानातील गीरच्या जंगलात आणि त्याच्या आसपास उरली होती. इराणमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तुरळक सिंह दिसत होते. पुढे तेही दिसेनासे झाले.

नबाब आणि व्हाइसरॉय

जुनागढचे नबाब दुसरे महाबतखान यांच्या काळापासून संस्थानात सिंहाच्या शिकारीवर निर्बंध आले. त्यांच्यानंतरच्या नबाबांनी हे धोरण पुढे चालविले. अर्थात त्यात राजप्रतिष्ठेचा भाग होता. सिंह हे संस्थानाचे वैभव होते आणि त्याची शिकार कोणाला द्यावयाची, हा मानाचा प्रश्न होता. लहान-मोठे संस्थानिक आणि गोरे साहेब सतत शिकारीचे आमंत्रण मागत. साहेबाला नकार देणे संस्थानाला अवघड जाई.

१८९९-१९०० चा दुष्काळ, म्हणजे गुजरातेतील प्रसिद्ध ‘छप्पनियो’, सौराष्ट्रावर कोसळला. गुरे लाखांनी मेली. दुष्काळ संपल्यावर भक्ष्य न उरलेल्या सिंहांनी वस्त्यांकडे मोर्चा वळविला आणि माणसांवरील हल्ले वाढले. याच सुमारास, १९०० साली, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आले. त्यांच्यासाठी सिंहाच्या शिकारीचा बेत ठरला होता. परंतु गीरमध्ये अगदी मोजके सिंह उरले आहेत हे कळल्यावर त्यांनी शिकारीस नकार दिला आणि सिंहांचे रक्षण करण्याचा सल्ला नबाबांना दिला. व्हाइसरॉयनेच बंदूक खाली ठेवल्यामुळे इतर साहेबांना नाही म्हणणे नबाबांना सुकर झाले.

त्या काळी गीरमध्ये केवळ डझनभर सिंह उरले होते, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. दिव्यभानुसिंह यांच्यासारख्या अभ्यासकांनी या आकड्याची छाननी केली आहे. सिंहांची खरी संख्या त्याहून बरीच अधिक असावी आणि शिकारीचे अर्ज नाकारणे सोपे जावे म्हणून आकडा कमी सांगितला गेला असावा, असे त्यांचे मत आहे. आपल्या व्यापारी मंडळींना यात नवल वाटू नये. मागणारा फार बलवान असेल, तर ‘माल शिल्लक नाही’ असे सांगण्याची युक्ती पेठेत जुनीच आहे. येथे त्या युक्तीने एक जात वाचविण्यास हातभार लावला.

अखेरचे नबाब तिसरे महाबतखान यांनी शिकारीच्या परवानग्यांवर कडक नियंत्रण ठेवले. १९३६ च्या संस्थानी गणनेत सिंहांची संख्या २८७ नोंदली गेली. १९४७ साली हेच नबाब पाकिस्तानात निघून गेले आणि ९ नोव्हेंबर १९४७ रोजी जुनागढचा कारभार भारताच्या हाती आला. राजकीय इतिहासात त्यांची बाजू आपण चुकीची मानतो. परंतु जमाखर्च लिहिताना जमेची रक्कम जमेलाच लिहावी लागते. गीरचा सिंह त्यांच्या खात्यावर जमा आहे.

स्वातंत्र्यानंतरची घसरण

१९५० साली राजकोटचे विंटर-ब्लाइथ यांनी पाऊलखुणांच्या आधारे केलेल्या मोजणीत २१९ ते २२७ सिंह भरले. १९६३ साली २८५ झाले. सर्व ठीक चालले आहे, असे वाटत असतानाच १९६८ च्या गणनेत हा आकडा १७७ वर आला. मोजण्याच्या पद्धती बदलल्या होत्या, हे खरे. तरीही परिस्थिती गंभीर होती, यात शंका नाही.

तत्पूर्वी एक प्रयोग होऊन गेला होता. १९५७ साली उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात एक नर आणि दोन माद्या सोडण्यात आल्या. १९६५ पर्यंत त्यांची संख्या ११ झाली. त्यानंतर ते सर्व सिंह नाहीसे झाले. कोणी विष घातले असेल, कोणी बंदूक चालविली असेल. नक्की हिशेब लागला नाही. सिंह नेऊन सोडणे सोपे आहे, परंतु त्याच्या शेजाऱ्याला राजी करणे अवघड आहे, एवढा धडा त्यातून मिळाला.

गीर १९६५ साली अभयारण्य झाले. याच काळात पॉल जोस्लिन या संशोधकाने तेथे अभ्यास केला. सिंहाच्या आहारात सुमारे तीन-चतुर्थांश पाळीव गुरे आहेत, असे त्याला आढळले. चितळ-सांबर इतके कमी झाले होते की, सिंह मालधाऱ्यांच्या म्हशींवर जगत होता. बाहेरूनही हजारो गुरे पावसाळ्यात चरावयास येत. सिंहाने मारलेले जनावर त्याला पोटभर खाऊही मिळत नसे. गुराखी आणि कातडी गोळा करणारे त्याला हुसकावून लावीत. काही संतप्त गुरेमालक मेलेल्या जनावरात विष कालवून ठेवीत.

१९७२ मध्ये गीर सिंह प्रकल्प सुरू झाला. अभयारण्याभोवती दगडी बांध घालण्यात आला, बाहेरच्या गुरांना बंदी झाली आणि आत राहणाऱ्या मालधारी कुटुंबांचे पुनर्वसन आरंभिले गेले. (१९७२ सालीच राष्ट्रीय पशूचा मान सिंहाकडून वाघाकडे गेला.) १९७५ मध्ये अंतर्भागातील क्षेत्र राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. आज हे उद्यान २५८ चौरस किलोमीटरचे असून, अभयारण्य धरून एकूण क्षेत्र सुमारे १४१२ चौरस किलोमीटर होते. गवत वाढले, झाडी भरली आणि चितळे कैक पटींनी वाढली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रवी चेल्लम यांनी अभ्यास केला, तेव्हा सिंहाच्या आहारात वन्य प्राण्यांचे प्रमाण पाळीव गुरांहून अधिक झाले होते.

वडिलांची शिकवण

१९८३ सालची गोष्ट सांगतो. मी नुकताच बी.कॉम. होऊन दुकानात बसू लागलो होतो. अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, जेतपूरला छापील साड्यांच्या खरेदीस गेलो. काम संपल्यावर गिरनारची यात्रा केली आणि माझ्या हट्टामुळे आम्ही सासणला गेलो. त्या काळी पर्यटकांना सिंह दाखविण्यासाठी आमिष म्हणून जनावर बांधण्याची पद्धत होती. आम्ही गेलो तेव्हा एक रेडकू बांधलेले होते. अण्णा गाडीतून उतरले नाहीत. मला म्हणाले, “तुला जायचे असेल तर जा बाबा. मला तिथे रेडकूच दिसेल, सिंह दिसायचा नाही.”

मी गेलो. सिंह पाहिला. परत आल्यावर अण्णांनी एक शब्दही विचारला नाही. जेतपूरपर्यंतच्या वाटेवर मला त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. ही आमिषाची पद्धत १९८७ साली बंद झाली, हे मी पुष्कळ उशिरा वाचले आणि मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

या प्रसंगाने एक प्रश्न मात्र कायमचा मागे लावला. सिंह मांसाहारी आहे. तो जगला, तर रोज कोठेतरी एक जीव जाणार. मग जीवदया मानणाऱ्या माणसाने सिंह वाचावा अशी इच्छा धरावी काय? पुढे एका स्वाध्यायवर्गात हाच प्रश्न मी विचारला. तेव्हा एका वयोवृद्ध पंडितजींनी समजावले की, सिंह आपल्या स्वभावाने आणि कर्माने जगतो. त्याच्या हिंसेचे दायित्व आपल्यावर नाही. आपल्या हौसेसाठी जनावर बांधणे ही मात्र आपली हिंसा, आणि आपल्या लोभाने त्याचे रान संपविणे हीही आपलीच हिंसा. आपल्या प्रतीकचिन्हाखाली तत्त्वार्थसूत्रातील जे सूत्र असते, ते जीवांच्या परस्पर उपकाराचे आहे. त्यातून कोणताही जीव वगळलेला नाही. अण्णांनी गाडीत बसून हेच सांगितले होते, असे मला तेव्हा उमगले.

मालधाऱ्याचा वाटा

गीरच्या इतिहासात नबाब आणि व्हाइसरॉय यांची नावे येतात. ज्यांची नावे येत नाहीत, त्यांच्याविषयी आता लिहितो.

मालधारी म्हणजे गुरे हेच ज्यांचे धन आहे, असे लोक. त्यांत रबारी, चारण, भरवाड अशा समाजांचे लोक आहेत. त्यांची वस्ती म्हणजे ‘नेस’. मातीच्या झोपड्या आणि भोवती काटेरी कुंपण. जाफराबादी म्हशी पाळणे आणि दूध-तूप विकणे हा त्यांचा व्यवसाय. हे लोक बहुतांशी शाकाहारी आहेत. हरीण मारून खाणे त्यांच्या आचारात बसत नाही. सिंहाच्या भक्ष्याला त्यांच्याकडून धक्का लागत नाही, हा त्यांच्या शेजाराचा फार मोठा लाभ आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या यात्रेच्या गाडीतील पाच-सहा जण जंगलाच्या कडेच्या एका नेसात गेलो होतो. पेठेतल्या व्यवहारामुळे मला कामापुरती गुजराती येते. तेथील एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “बापा, सिंहाने आजवर तुमच्या किती म्हशी नेल्या?” त्यांनी बोटांवर मोजावयास सुरुवात केली आणि मग हसून सोडून दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, रान त्याचे आहे आणि आम्ही त्यात चारतो. अधूनमधून एखादे जनावर त्याने नेले, तर तो त्याचा भाग. मी विचारले, “सरकार भरपाई देते ना?” ते म्हणाले, “देते. पण दुभत्या म्हशीची किंमत कागदावर कशी लिहिणार?”

मी दुकानदार आहे. त्यामुळे त्या उत्तराचा अर्थ मला लगेच कळला. चांगली जाफराबादी म्हैस गेली, की तिच्याबरोबर पुढच्या वेतांचे दूध जाते आणि महिन्याची मिळकत जाते. आपल्या दुकानातून दरवर्षी एक गठ्ठा कोणी उचलून नेला आणि आपण ‘त्याचा भाग’ म्हणून सोडून दिला, असे आपल्यापैकी किती जण करतील?

तथापि चित्र सर्वस्वी गोड नाही, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. १९७२ पासून जंगलातील सुमारे ८४५ मालधारी कुटुंबांपैकी ५९२ कुटुंबांना बाहेर हलविण्यात आले. त्यांना जमिनी मिळाल्या. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळणाऱ्याला नांगर हाती धरणे जमले नाही. कित्येकांची जनावरे गेली आणि ते मजुरीला लागले. जंगल हिरवे झाले, सिंह वाढले. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या खात्यात मात्र फारसे काही जमा झाले नाही.

मालधाऱ्यांप्रमाणेच शेतकऱ्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. तालाला परिसरातील केसर आंब्याच्या बागांत आज सिंह दिवसा सावलीला झोपतात. नीलगाय आणि रानडुकरे पिकांची नासाडी करतात. सिंहाच्या वावराने त्यांना वचक बसतो, म्हणून अनेक शेतकरी त्याला राखणदार समजतात. परंतु याच शेतांत हजारो उघड्या विहिरी आहेत आणि रात्री त्यांत सिंह पडून मरतात. पिकांभोवती चोरून लावलेल्या विजेच्या तारा आणि पिपावाव बंदराकडे जाणारा लोहमार्ग यांनीही बळी घेतले आहेत. वनखात्याने आणि काही संस्थांनी विहिरींना कठडे बांधण्याचे काम हाती घेतले, त्याचा चांगला उपयोग झाला. रात्री-अपरात्री विहिरीत उतरून सिंह वर काढणारे कर्मचारी तेथे आहेत आणि २००७ पासून महिला वनरक्षकही या कामात आहेत.

वाढती शिल्लक

१९७४ साली १८० असलेले सिंह १९९० मध्ये २८४, २००१ मध्ये ३२७, २०१० मध्ये ४११, २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि मे २०२५ च्या गणनेत ८९१ झाले. या ८९१ मध्ये १९६ प्रौढ नर, ३३० प्रौढ माद्या, १४० तरुण आणि २२५ बछडे आहेत. माद्यांची आणि बछड्यांची ही संख्या पुढील वाढीची ग्वाही देते.

याहूनही लक्षणीय बाब अशी की, निम्म्याहून अधिक सिंह आता गीरचे राष्ट्रीय उद्यान आणि संलग्न अभयारण्ये यांच्या बाहेर राहतात. गिरनार, अमरेली जिल्हा, भावनगरची बाजू आणि समुद्रकिनाऱ्याची झुडपे, असा त्यांचा विस्तार सौराष्ट्रातील ११ जिल्ह्यांत झाला आहे. गिरनारचे जंगल २००८ साली अभयारण्य झाले. बरडा डोंगरात जानेवारी २०२३ मध्ये एक नर सिंह आपण होऊन पोहोचला आणि २०२५ च्या गणनेत तेथे १७ सिंह मोजले गेले. सुमारे १४४ वर्षांनी सिंह आपल्या जुन्या घरी परतला.

सारे भांडवल एकाच वखारीत

एवढे वाचून वाचकांचे समाधान झाले असेल. परंतु येथे मला स्वतःचा एक अनुभव आठवतो. २००५ च्या महापुरापूर्वी आमचा सर्व माल एकाच वखारीत असे. भाडे वाचते, देखरेख सोपी होते, म्हणून मी तो हट्टाने एकत्र ठेवला होता. “थोडा माल वरच्या पेठेत हलवा,” असे धाकटे बंधू दोन वर्षे सांगत होते. जुलैअखेर पाणी आले आणि दिवाळीसाठी भरलेले तागे एका रात्रीत चिखलात गेले. चूक सर्वस्वी माझी होती. व्यापार चांगला चालला होता, म्हणूनच सावधपणा सुटला होता.

गीरच्या सिंहांची स्थिती अशीच आहे. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीमध्ये कुत्र्यांपासून पसरणाऱ्या ‘कॅनाइन डिस्टेंपर’ या रोगाने सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजाराच्या आसपास सिंह दगावले. आफ्रिकेत सिंह अन्यत्रही होते, म्हणून ती जात टिकली. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मृत्युमुखी पडले. तपासणीत हाच विषाणू आणि गोचिडीतून होणारा बॅबेसिया आढळला. आसपासचे सिंह तातडीने वेगळे करण्यात आले आणि परदेशातून लस आणून टोचण्यात आली. संकट त्या वेळी आटोक्यात आले. परंतु हे सर्व सिंह थोड्याच पूर्वजांपासून वाढलेले असल्याने त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार कमी आहे, आणि एकाला लागणारा रोग सर्वांना लागण्याचा धोका अधिक आहे.

म्हणूनच १९९० च्या दशकात मध्य प्रदेशातील कुनो हे सिंहांचे दुसरे घर म्हणून निवडले गेले. तेथील २४ गावे हलविण्यात आली. त्यांत प्रामुख्याने सहरिया आदिवासी होते. गुजरातने सिंह देण्यास नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने सहा महिन्यांत स्थलांतर करण्याचा आदेश दिला. आजपर्यंत एकही सिंह कुनोला गेलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच कुनोत आफ्रिकेतील चित्ते सोडण्यात आले. सिंह आपली हद्द आपणच वाढवीत आहेत आणि बरडा हेच त्यांचे दुसरे घर होईल, असे गुजरातचे म्हणणे आहे. त्यात तथ्य नाही, असे नाही. सौराष्ट्रातील जनतेचा सिंहावर जो जीव आहे, त्याची थोरवी मी वर सांगितलीच आहे. परंतु बरडा गीरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. एकाच प्रदेशात साथ किंवा महापूर आला, तर शेजारची वखार किती उपयोगी पडेल, हा प्रश्न अनुभवी व्यापाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. प्रेमाने जपलेली वस्तू दूर ठेवण्यास मन धजत नाही. माझ्याही बाबतीत तेच झाले होते.

आपले कर्तव्य

या सर्व इतिहासाचा मला समजलेला सारांश असा आहे. सिंह कोणा एका महापुरुषाने वाचविला नाही. नबाबांनी हुकूम काढला, व्हाइसरॉयने बंदूक ठेवली, सरकारने उद्यान केले. हे सर्व आवश्यकच होते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षे दररोजचा तोटा सोसला तो मालधाऱ्याने, शेतकऱ्याने आणि आपली गावे सोडून गेलेल्यांनी. कुनोच्या सहरियांनी तर सिंहासाठी घरे सोडली आणि सिंह आलाच नाही. इतिहासाच्या खतावणीत यांची पाने कोरी आहेत.

आपण सिंहाच्या लांछनाला वंदन करतो आणि आपला तोटा मात्र शून्य आहे. यात काही बदल करता येईल काय? आपल्या ट्रस्टची गिरनार यात्रा दर काही वर्षांनी निघते. यात्रेच्या खर्चातून दरवेळी काही रक्कम बाजूला काढून गीर परिसरातील एखाद्या गरीब शेतकऱ्याच्या विहिरीला कठडा बांधून द्यावा, अशी नम्र सूचना मी विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे. पहिल्या कठड्याचा खर्च अण्णांच्या स्मरणार्थ करण्याची मला अनुज्ञा मिळावी. दुसरी सूचना यात्रेकरूंसाठी आहे. गिरनारच्या वाटेवर अन्नपदार्थ आणि प्लॅस्टिक टाकू नये, कारण त्यामुळे भटकी कुत्री जमतात आणि रोग जंगलात जाण्याची वाट मोकळी होते. पैसे देऊन कोणी चोरून सिंह दाखवितो म्हणाला, तर माझ्यासारखी चूक करू नये. गाडीतच बसून राहावे.

ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत लांछनाचा हा सिंह केवळ पाषाणात न उरता रानातही नांदो, आणि त्याचा भार वाहणाऱ्यांना त्यांचे श्रेय मिळो, हीच भगवंतांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!